पाणी जोखताना

रात्री अकरा ते सात माझी पाळी.
ग्रोनिंगेनच्या या तळघरात
उंदरांना दाणा, पाणी, कापसाची गादी,
आणि वहीत एक ओळ : सगळं ठीक.
त्याआधी एकोणतीस वर्षं पंपावर होतो.
समुद्राहून खोल आमचं गाव,
त्यातलं पाणी उपसून वरच्या कालव्यात टाकायचं.
बापानं तेच केलं, त्याच्या बापानंही.
आमच्यात सकाळी उठून देवाआधी
पाण्याची पट्टी बघतात.

म्हणून डॉक्टर वित्स्के जेव्हा म्हणाली,
हेसेल, सुजलेल्या मेंदूतलं पाणी
विजेनं ओढून काढता येतं का, ते बघतोय आपण,
मी एवढंच विचारलं :
आणि सोडायचं कुठं?

ती हसली नाही.
कॉफीच्या रुमालावर तिनं पेननं काढलं :
इकडं धन, इकडं ऋण,
मधे मेंदूचा मऊ गाळ.
क्षार सरकतात तिकडं पाणी सरकतं,
बांधावर मेंढीमागं कोकरं जातात तसं.
पातं नाही, दट्ट्या नाही, आवाज नाही.
वीजही जेमतेम, जिभेला सेल लावला तर चुरचुरते तेवढी.
मी म्हटलं, हे माहीत आहे मला.
पुलाच्या पायाखालची चिकणमाती
आम्ही सळया ठोकून अशीच सुकवली होती.
कधी, तिनं विचारलं. कुठं. किती दिवस लागले.
आणि वही काढली.

येल्मरबद्दल मी तिला सांगितलं नाही.

ज्या फेब्रुवारीत कालवे तळापर्यंत गोठले
त्या फेब्रुवारीत तो बर्फावर पडला. उठला. हसला.
वाटाण्याचं सूप दोनदा मागून प्यायला.
दिवेलागणीला म्हणाला, डोकं जड झालंय.
कवटीला दार नसतं, फुगलेलं जाणार कुठं?
मग पंजाएवढं हाड कापून काढलं त्यांनी,
आणि फ्रीजरमध्ये ठेवलं, परत बसवायला.
आई रोज नर्सला विचारायची,
त्याचं हाड नीट आहे ना?
हाड नीट होतं.
अकरा दिवस.
गावाचे तिन्ही पंप चालू होते तेव्हा,
एका तासाला तळं रिकामं करतील असले,
आणि एका डोक्यातलं चमचाभर पाणी
हलवायला कुणाकडं काही नव्हतं.

काल एकेचाळीस नंबरला तारा लावल्या.
केसाहून बारीक, दोन.
पहाटे तीनला तो उठून बसला,
मिशा पुसल्या, डावी बाजू आधी,
मग चाकावर जाऊन पळायला लागला.
मी वहीत लिहिलं : सगळं ठीक.
पेन खाली ठेवलं नाही बराच वेळ.
कारण सकाळी काय होतं ते मला ठाऊक आहे.
मेंदू ओला वजन करायचा,
भट्टीत एक दिवस ठेवायचा,
कोरडा वजन करायचा.
मधला फरक म्हणजे पाणी.
पाणी जोखायचं म्हणजे असं जोखायचं.
बरा झाला का, हे विचारायला
तो उरत नाही.

तारा न लावलेल्या भावंडापेक्षा
एक टक्क्याहून थोडं कमी.
वित्स्के आकड्याकडं बघत राहिली.
बारा उंदीर झाले, अजून बारा हवेत, म्हणाली,
मग मेंढ्या, मग वर्षं, मग कदाचित.
तिच्या बाहीला दाण्याचा भुसा चिकटला होता.

जाता जाता तिनंच विषय काढला :
तुझा प्रश्न. पाणी सोडायचं कुठं.
शिरांत शिरतं, रक्ताबरोबर फिरतं,
मूत्रपिंडात उतरतं,
आणि शेवटी, हेसेल, मुतात.

मला बरं वाटलं.
म्हणजे नाल्यात, कालव्यात,
पंपावरच्या कुठल्यातरी पोराच्या हातून
बांधापलीकडं.

सायकल काढली. पुलावर थांबून
सवयीनं पट्टी बघितली.
दोन बोटं वर होतं पाणी.
फोन करून सांगावं म्हटलं,
पण आता तिथं माणूस नसतो.